तीनदा समुद्र पाहिलेला माणूस

(राहू गाव, दौंड तालुका. दुपारचे तीन. ओसरीवर सविता आणि तिचा नवरा जयसिंग. दोघांमध्ये वहीचा एक कागद, भिंतीला टेकवलेली लेकाची कॉलेजची सॅक.)

जयसिंग : कोल्हापूर, अंबाबाई. बरोबर. जोतिबा. बरोबर. तिथवर माझं काय म्हणणं न्हाई. मंग सावंतवाडी, रेडीचा गणपती. ठीक. आन् मंग एकदम हे काय? 'हरमल बीच, मुक्काम.' गणपतीनंतर बीच कशाला?

सविता : गणपतीच्या पुढंच हाय तो. मोबाईलवर बघितलंय आमी.

जयसिंग : पुढं हाय म्हणून काय जायाचं? आपल्या दारापुढं उकिरडा हाय.

सविता : जाते की रोज. शेण टाकायला.

जयसिंग : मी आपलं रस्त्याचं बोलतोय. ज्यानं रस्ता बघितलाय त्याचं ऐकावं माणसानं. बीच काट. त्याच्या जागी नरसोबाची वाडी घाल. पणजी काट. तिथं औदुंबर घाल. सा दिवसांत अकरा देवळं बसत्यात, मी बसवून देतो.

सविता : पेन द्या इकडं.

जयसिंग : अगं, पुण्याचं काम हाय.

सविता : आमी देवाला चाललो न्हाई. लपायला चाललोय. देव वाटंत हायेत म्हणून त्यांच्या पाया पडणार. सोमवारी सकाळी दहाला दूध संस्थेच्या ऑफिसात हात वर करायला हजर. मधले सा दिवस आमी कुठं हाय ते आप्पांच्या बापाला कळता कामा नये.

जयसिंग : एवढ्याशा दूध संस्थेच्या चेअरमनसाठी एवढी पळापळ!

सविता : तुमी नव्हता पळाला?

जयसिंग : ती ग्रामपंचायत होती. ते राजकारण होतं.

सविता : मंग हे काय हळदीकुंकू हाय? अकरा डायरेक्टर, अकराच्या अकरा बाया. सहा प्रतिभाकडं, पाच अनुपमावहिनींकडं. आन् आप्पांची बायको अनुपमावहिनी म्हंजी कोण, तर आप्पांची सही. धा वर्षं झाली, खुर्चीवर त्यांचं नाव आन् बसायला आप्पा. आमच्यातली एक जरी त्यांनी उचलून नेली तर पुन्यांदा आप्पाच. तवा तुमी पंचायतीचे मेंबर असताना आप्पांनी तुमाला उचलून तीनदा गोव्याला नेलं, ते कसं?

जयसिंग : आमाला इज्जतीनं नेलं. मोठ्या गाडीतनं. काळ्या काचा. हे असं पाठीवर पोराची सॅक लावून न्हाई. चाळिशीच्या बाया, नववारी-पाचवारीवर सॅक! लोक म्हणतील ट्रेकिंगला निघाल्या का घर सोडून निघाल्या?

सविता : मोटार केली की नंबर कळतो. ड्रायव्हर फुटतो. यष्टीत बसलेल्या सहा बायांकडं कोण बघतंय? बायांना हाफ तिकीट, रेडीपातूर नीट जायाचं. पुढं मिळंल ती गाडी. हात मोकळं राहावं म्हणून सॅक. प्रतिभाच्या भाचीनं, मायानं सांगितलं तसं. ती पोरगी कंपनीतल्या मैत्रिणींबरं अशीच हंपीला जाऊन आली.

जयसिंग : आन् म्हशीची धार कोण काढणार? राधी तुझ्याबिगर पान्हवत न्हाई.

सविता : तुमी गेला तवा राधीनं काय विचारलंबी न्हाई.

जयसिंग : तवा तू होतीस.

सविता : व्हय. तवा मी होते.

जयसिंग : मी जवळ गेलो की लाथ घालती ती. दूध चढवून धरती.

सविता : माझी जुनी चॉकलेटी साडी गुंडाळा अंगाला. वास वळखती ती. गेल्या साली मी तापानं पडले तवा सासूबाईंनी तीच नेसली होती, गुमान दिलं दूध. आता त्यांना खाली बसवत न्हाई.

जयसिंग : मी साडी नेसू?

सविता : गोठ्यात कोण येतंय बघायला. हां, हे पणजीवर काट का मारली? 'रात्रीची बोट.' ही काट मला चालणार न्हाई.

जयसिंग : ती बोट बंद झाली.

सविता : चालू हाय. मायानं बघितलं. संध्याकाळी सुटती, दिवे लावलेली, गाणी लावत्यात, लोक नाचत्यात. तुमी सांगितली तीच.

जयसिंग : ती बायामाणसांची जागा न्हाई, सविता. तुला कळत न्हाई ते. तिथं काय एकेक माणूस येतं, पिऊन-बिऊन.

सविता : बायांची जागा न्हाई? मंग ओल्गा कोण होती?

जयसिंग : कोण?

सविता : ओल्गा. निळा झगा. केस कापसासारखं. 'जेसिंग, जेसिंग' म्हणत हात धरून नाचायला वढलं तुमाला.

जयसिंग : ते... ते लई जुनं झालं.

सविता : अकरा वर्षं. गणपतीत तुमी अंगणात बसून सगळ्यांना सांगितलं. मी आत भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी करपली, आन् सासूबाई म्हणल्या, लक्ष कुठंय गं. लक्ष पणजीत होतं माझं. तवापासनं ती बया माझ्या घरात राहती. तुमी नवीन शर्ट घातला की मला वाटायचं, तिनं बघावं म्हणून घातला. तुमी गप बसला की वाटायचं, तिची याद आली. आता माझ्या कानापाशी केस पांढरं व्हायला लागलं तर मनात आलं, चला, जरा तिच्याजवळ आले.

जयसिंग : येडी का काय तू. आता कुठली ती बाई.

सविता : म्हणूनच जायाचंय बोटीवर. तिथं कुणाला तरी ठाऊक असंल. विचारणार मी.

जयसिंग : काय विचारणार?

सविता : काय त्ये मी ठरवीन. आन् एक सांगू? बाईचं काय, बाई येती आन् जाती. मला त्याहून जास्त जळलं ते समुद्राचं. तुमी अंथरुणावर पडून सांगायचा, 'लाट मागं गेली ना सविता, की पायाखालची वाळू सरकती, आपण उभं असतो आन् जमीनच निघून जाती.' पोरं झोपायची ऐकता ऐकता. मला झोप न्हाई यायची. मला वाटायचं, ह्या माणसानं असं काय पुण्य केलं, तीन तीन बार बघितला समुद्र? आन् मी लांबात लांब गेले ते पुण्याला, ससूनला, सासऱ्यांचा पाय मोडला तवा. तुमचा तो फोटू शोकेसमधी हाय ना, गॉगल लावून, मागं लाटा... दर दिवाळीला पुसते मी. तुमाला न्हाई पुसत, मागचं पाणी पुसते.

जयसिंग : आता जाशील की. तुझा बी फोटू लावू.

सविता : लावू काय! लावायचाच हाय.

जयसिंग : पण मी म्हणतो, एकट्यानं कशाला? नवऱ्याबरोबर गेलं तर शोभतं. जोडीनं. एखाद्या चांगल्या गाडीतनं.

सविता : कुणाच्या गाडीतनं?

जयसिंग : न्हाई, आपलं म्हणलं.

प्रतिभा : सविताताई! हाय का घरात? भावजी, बसा बसा, उठू नका. पाणी दे गं आधी. आन् मोबाईल बंद करून ठिव.

सविता : काय झालं? धापा टाकतीयास.

प्रतिभा : प्लॅन लीक झाला. फुल लीक. दुपारीच वरवंडवरनं मायाचा फोन आला. आप्पांचा पुतण्या दत्ता वरवंडच्या स्टँडवर चहावाल्यापाशी उभा राहून काय विचारतोय, तर 'उद्या सकाळच्या साडेसहाच्या पुणे गाडीला राहूच्या किती बाया बसणार?' साडेसहा! टाईमसकट! त्याची गाडी तिथं पहाटंपासनं उभी राहणार. म्हंजी आपण उतरलो की गोड बोलून एकेकीला कोंबणार. 'चला वहिनी, कुठं यष्टीत धक्के खाताय.' धुरपदा भोळी हाय, बसंल सुदिक.

सविता : साडेसहा कुणाला ठाऊक होतं?

प्रतिभा : आपल्या सहा घरांना. बाकी कुणाला न्हाई. मी आधी माझ्याच घरात इन्क्वायरी केली. आमच्या दिराला, पप्पूला, देवासमोर उभं केलं, म्हणलं, उचल बेलभंडारा. उचलला. खोटं बोलून भंडाऱ्याला हात लावायचा न्हाई तो, भितो. मंग धुरपदाकडं गेले. तिच्या नवऱ्यानं उचलला, वर मलाच शिव्या दिल्या. बयाबाईचं घर झालं, रंगुबाईचं झालं, कुशाबाईचं झालं. हे सहावं.

सविता : आमच्याकडं काय बघतीयास?

प्रतिभा : तुझ्याकडं न्हाई.

सविता : ह्यांच्याकडं? हे बघ प्रतिभा, तुझी-माझी दोस्ती आपल्या जागी. माझा नवरा जळतोय, हे खरं हाय. सकाळधरनं जळतोय. मी बीच लिव्हला की काट मारतोय. पोटात दुखतंय त्यांच्या, ते मला दिसतंय, मजा बी येतीय. पण फुटायचं न्हाई हे माणूस. वीस वर्षं बघतीय मी.

प्रतिभा : मंग झालंच की. पुडी आणलीय मी. ही बघ. भावजी, या. दोन मिनिटांचं काम.

जयसिंग : आमच्या घरात येऊन आमालाच शपथ घालताय व्हय, प्रतिभाताई?

प्रतिभा : सगळ्या घरात घातली, भावजी. माझ्या सासऱ्यांनी, गेणबांनी, स्वतःहून उचलला. म्हणले, आन इकडं, म्हातारा हाय म्हणून सोडू नको.

जयसिंग : भंडारा असा दुपारच्याला उचलत न्हाईत.

सविता : का? तुमीच सांगायचा, गोव्याला निघताना आप्पांनी भर बारा वाजता उचलायला लावला.

जयसिंग : पाय धुतले न्हाईत माझे.

सविता : मोरी तिकडं हाय.

जयसिंग : बेल कुठाय पण? नुसता भंडारा चालत न्हाई. बेलाचं पान लागतं.

प्रतिभा : पर्समधी हाय. तीन पानी. ताजं.

सविता : उचला की अहो. उगा कशाला घोळ घालताय? हिला दाखवा एकदा, म्हंजी हिचं तोंड बंद हुईल. मी सांगितलंय तिला, आमच्यातनं न्हाई म्हणून.

जयसिंग : सविता...

सविता : काय?

जयसिंग : मला न्हाई उचलता यायचा.

प्रतिभा : खाई त्याला खवखवे. बसा आता.

सविता : थांब गं. तू बोलू नको. तुमी सांगा. तुमी सांगितलं दत्ताला?

जयसिंग : व्हय.

सविता : साडेसहाचं?

जयसिंग : साडेसहाचं. वरवंडचं. कोल्हापूरचं बी.

सविता : काय दिलं त्यांनी?

जयसिंग : काय न्हाई दिलं. देवाची आन. पैशाला हात लावला असंल तर हात झडतील माझं.

सविता : मंग कशापायी? नवरा म्हणून माझ्याशी वैर होतं? सहा बायांनी एक गोष्ट ठरवली. आयुष्यात पहिल्यांदा आमी काय तरी ठरवलं. आन् ती तुमी चहाच्या टपरीवर सांगून मोकळं झाला?

जयसिंग : आप्पा म्हणले, सविताला आपल्या गाडीत बसव. तू बी बस. जोडीनं नेतो दोघांना. म्हणले, गोव्यात समुद्राला लागून हॉटेल हाय, खाली उतरलं की पाण्यात पाय. मला म्हणले, जयसिंग, ह्या टायमाला तुला समुद्र दावतो.

प्रतिभा : ह्या टायमाला? भावजी, तुमी तर तीनदा बघितलाय.

सविता : तीनदा बघितलाय ना?

जयसिंग : पाणी दे जरा.

सविता : अहो, मी काय विचारतीय?

जयसिंग : न्हाई बघितला.

सविता : काय न्हाई बघितला?

जयसिंग : समुद्र.

प्रतिभा : अगं बाई!

जयसिंग : हसू नका, प्रतिभाताई. तुमच्या पप्पूला इचारा. एकाच खोलीत होतो आमी. तीन बार गेलो आन् तीन बार तीच खोली. जाताना काळ्या काचा. उतरल्यावर फोन काढून घेतले. दाराला बाहेरनं कडी. आप्पा म्हणायचे, विरोधी पार्टीची माणसं बीचवर फिरत्यात, खाली सोडायचं न्हाई. खिडकीला पडदा, पडद्याला हात लावला की बाहेरचा पोऱ्या वरडायचा. चार दिवस पत्तं खेळायचं, मटण खायाचं आन् झोपायचं. मटणाचा बी कंटाळा येतो माणसाला. रातच्याला ऐकू यायचा फक्त.

सविता : काय?

जयसिंग : समुद्र. घुंऽऽ करून. पप्पू म्हणायचा एसी हाय. मी म्हणायचो न्हाई, समुद्र हाय. ह्याच्यावरनं आमचं भांडण व्हायचं.

सविता : आन् फोटू?

जयसिंग : त्या पोऱ्यानंच काढला, जेवायला हॉलमधी न्यायचे तिथं. भिंतीला चित्र होतं. मोठं. लाटांचं. नीट बघ फोटूत, डाव्या कोपऱ्याला बोर्डाची दोन बटणं दिसत्यात.

सविता : ती बटणं मी होडी समजत होते. लांबची होडी.

जयसिंग : सगळेच होडी समजत्यात.

सविता : आन् काजू? शंख आणलेला पोरीला?

जयसिंग : काजू कोल्हापूर स्टँडवरचं. शंख हॉटेलच्या काउंटरवर वाटीत ठेवलेला. उचलला.

सविता : वाळू? 'पायाखालची वाळू सरकती', ते कुठनं?

जयसिंग : वेटरनं सांगितलं. मी त्याला इचारलं होतं, कसा असतो रे? तो म्हणला, उभं राहिलं की जमीन निघून जाती. तेवढंच बोलला, आन् ताटं घेऊन गेला. मी पाठ केलं.

प्रतिभा : मी बाहेर थांबू का सविताताई?

सविता : बस. कुठं जाऊ नको. म्हंजी बोटीवर बी नव्हता गेला तुमी.

जयसिंग : न्हाई.

सविता : आन् ती?

जयसिंग : कोण ती?

सविता : आता तोंडावर तिचं नाव घ्यायला लावू नका मला.

जयसिंग : नव्हती कोण. टीव्हीवर एक बाई बघितली होती, जाहिरातीत. नाव पप्पूनं सुचवलं.

प्रतिभा : आमच्या पप्पूनं? थांब, घरी जाऊ दे मला.

सविता : अकरा वर्षं! अकरा वर्षं मी फुकट जळले?

जयसिंग : मला वाटलं तुला आवडतंय ऐकायला.

सविता : आवडतंय? माणूस मरंल अशानं! खरी असती तर निदान जळल्याचं चीज झालं असतं. आता मी तिचा राग कुणावर काढू? आन् समुद्राचं... तुमी खोलीत पत्तं कुटत होता, आन् मी इथं रडत होते. राधीच्या पोटाला डोकं लावून रडत होते, का तर ह्या माणसाचे पाय पाण्यात असतील आत्ता. तुमाला येऊन सांगता आलं न्हाई? पहिल्याच बारीला? 'सविता, कडी लावून ठेवलं गं आमाला.' हसलो असतो दोघं.

जयसिंग : सगळा गाव वाट बघत होता पारावर. सांग जयसिंग, सांग जयसिंग. काय सांगू, कोंडून घातलं होतं? शेरडासारखं? एकदा सांगितलं खोटं, मंग ते वाढतच गेलं. तू पाणी पुसतीयास हे मला ठाऊक नव्हतं.

सविता : आता झालं.

जयसिंग : आन् तू आता सॅक भरलीस. खऱ्या समुद्राला निघालीस. कडी न्हाई, पडदा न्हाई, आपल्या मनानं. व्हय, जळलो मी. आतनं जळलो. म्हणलं, हिनं बघितला तर आल्यावर हिला कळंल मी सांगितलं ते सगळं खोटं होतं. आन् कळलं न्हाई तरी हिनं बघितलेला असंल आन् मी न्हाई. दोन्हीकडनं मी मेलो. म्हणून दत्ताला बोललो. जोडीनं गेलो असतो तर दोघांनी संगंच बघितला असता. पहिल्यांदा. तुला कळलं बी नसतं की माझी बी पहिलीच टाईम.

प्रतिभा : भावजी, आप्पांनी ह्या बारीला बी कडीच लावली असती.

जयसिंग : ते आता तुमी बोलल्यावर डोक्यात शिरतंय.

सविता : मला तुमचं तोंड बघवत न्हाई आत्ता. पण रडत बसायला वेळ बी न्हाई. प्रतिभा, सोमवार कसा गाठायचा? वरवंड गेलं.

प्रतिभा : दौंडावरनं रेल्वे बघू?

जयसिंग : दौंडला पण माणूस हाय त्यांचा. स्टेशनासमोर. मीच सांगितलं होतं, वरवंड चुकलं तर दौंडला बघा म्हणून.

सविता : अजून काय काय सांगितलंय? एकदाच बोला.

जयसिंग : संपलं. देवाची आन संपलं. आता माझं ऐकता का? रस्त्याचं बोलतो. समुद्राचं खोटं असंल, रस्त्याचं खरं हाय. काळ्या काचांतनं का हुईना, तीनदा गेलोय.

प्रतिभा : बोला. ऐकायला काय जातंय.

जयसिंग : हायवेला जायाचंच न्हाई. आज सांजच्याला पूल ओलांडून वडगाव रासाई. हिचं माहेर. माहेरी निघालेल्या बाईला कोण अडवत न्हाई. दोघी दोघी जावा. इचारलं कुणी तर रासाईदेवीचा नवस हाय म्हणायचं. सॅकवर साडीचं बोचकं टाका, दिसायची न्हाई. रातभर तिथं थांबा. सकाळी न्हावऱ्यावरनं शिरूर, शिरूरला पुण्याची यष्टी, स्वारगेटला कोल्हापूरची. दत्ता तिकडं वरवंडला चहा पीत बसंल.

प्रतिभा : शिरूरवरनं! उलटं जाऊन सुलटं यायचं. आप्पा सात जन्म तिकडं बघायचे न्हाईत. सविताताई, माणूस कामाचं हाय गं, कामाला लावलं तर.

सविता : देऊळ एक वाढवलंच शेवटी ह्यांनी.

जयसिंग : रासाईचं दर्शन काय वाईट हाय?

प्रतिभा : पण भावजी, आता हे सांगितल्यावर पुन्यांदा दत्ताकडं गेला तर? बेलभंडारा हातात घ्या. आता घ्या. गेल्या बाबतीचं न्हाई, पुढच्या बाबतीचं.

जयसिंग : आणा. थांबा, पाय धुवून येतो. खरंच धुवून येतो आता.

सविता : बघ कसं पळालं. मगाशी मोरी दिसत नव्हती.

प्रतिभा : लई राग आलाय का गं?

सविता : राग तर हाईच. पण खरं सांगू, ती ओल्गा गेली ना, तर घर जरा मोकळं मोकळं वाटतंय. आन् वाईट बी वाटतंय. सवय झाली होती तिची.

प्रतिभा : माझे सासरे म्हणत होते, मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे तवा घाटाच्या तोंडावर एका जागेवरनं समुद्र दिसायचा. बारीक, पत्र्याच्या पट्टीएवढा. सगळी मेंढरं पुढं जायची, आन् हे उभं राहायचे. म्हणले, पहिल्यांदा बघताना बडबड करू नका पोरींनो. एक घोंगडी दिलीय त्यांनी, बीचवर टाकायला.

सविता : म्हंजी गेणबामामांनी खराच बघितला, आन् कधी बोलले न्हाईत.

प्रतिभा : कुणी इचारलंच न्हाई त्यांना. पारावर सगळे भावजींचं ऐकत बसायचे.

जयसिंग : आलो. द्या. हे बघा, बेल घेतला, भंडारा घेतला. आई रासाईची आन, मल्हारीची आन, ह्या बाया कुठनं निघाल्या आन् कुठं गेल्या, हे सोमवारी दहा वाजेपातूर माझ्या तोंडातनं निघणार न्हाई. बास?

प्रतिभा : बास. कपाळाला लावा. मी निघते. बाकीच्यांना निरोप देते, पाचला पुलापाशी. घरी पप्पूची बी गाठ घ्यायची हाय, ओल्गाच्या बापाची. येते, सविताताई.

सविता : ये. ... तुमी तिथं का उभं? फोटूपाशी?

जयसिंग : काढून ठेवतो हा. लाज वाटती.

सविता : राहू दे तिथंच. जागा अडवून ठेवायला बरा हाय. माझा आला की काढू. ही घ्या.

जयसिंग : काय हे?

सविता : चॉकलेटी साडी. सकाळी साडेपाचला राधीला आधी आंबोण ठेवा, मंग पाठीवरनं हात फिरवा, मंगच खाली बसा. बोलत राहायचं तिच्याशी. गप बसलं की दूध चढवती ती.

जयसिंग : काय बोलू?

सविता : सांगा की समुद्राचं. तिला खोटं कळत न्हाई.

जयसिंग : फोन बंद ठेवणार तुमी सगळ्याजणी?

सविता : सगळ्याजणी.

जयसिंग : म्हंजी सोमवारपातूर मला कायच कळायचं न्हाई. पोचलात का, बघितला का.

सविता : मला तीनदा कुठं कळलं होतं? बसा आता तुमी. आल्यावर सांगीन. सगळं सांगीन, पहिल्या लाटंपासनं, आन् खरं खरं सांगीन. मंग जळा किती जळायचं ते.

जयसिंग : सांग. पण सविता...

सविता : आता काय?

जयसिंग : थोडं कमी करून सांग.